शांत पट्टा

"तीनशे बारा शॉट, बाई. आणखी किती हवेत?"

बाईंनी चष्मा लावला.

"एकदाही चुकला नाही. तरी सही नाही?"

बाईंनी कागद जवळ ओढला. पेन उचलले नाही.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"मग वाईट झालं," बाई म्हणाल्या.

विचारणारा जयदीप कोठावळे. वय एकोणतीस, पीएच.डी.चे चौथे वर्ष. बाई म्हणजे डॉ. सुमित्रा हळबे. त्या निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांची खोली कोणी काढून घेतली नव्हती आणि जयदीप त्यांचा शेवटचा विद्यार्थी होता. संस्था शहराबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी. काम प्लाझ्माचे.

त्या दिवशी चार वाजता तिथे पत्रकार परिषद होती. मी वार्ताहर, पण अकरालाच गेलो. चार वाजता जे वाढतात ते सकाळपासून शिजत असते. शिजताना पाहिलेले बरे.

तिथले यंत्र म्हणजे एक पोकळ पोलादी कडे, खोलीएवढे मोठे. त्यात हायड्रोजन सोडायचा, त्यातून वीज खेळवायची. तो लाखो अंश तापला की त्याचा प्लाझ्मा होतो. मग चुंबकांच्या जोरावर तो भिंतीला न टेकवता अधांतरी धरायचा. तो जगतो सेकंदाचा दहावा भाग. अशा एका खेपेला शॉट म्हणतात. सूर्यात जे चालते ते जमिनीवर चालवून वीज मिळवायची, हा खटाटोप त्यासाठी. अडचण अशी की उष्णता कडेने पळून जाते. प्लाझ्माच्या कडेला सतत खळबळ असते.

जयदीप ती कड तपासत होता. कड्याच्या खिडकीतून टंगस्टनची बारीक सळई आत सारायची. तिला बाहेरून व्होल्टेज द्यायचे. ती किती करंट ओढते ते पाहायचे. त्यावरून तिथला प्लाझ्मा किती तप्त, किती दाट, ते कळते.

जयदीप तिला प्रोब म्हणे. बाई सळई म्हणत.

आणि जयदीपला सापडले होते की भिंतीपासून दोन बोटे आत एक पट्टा असा आहे, जिथे खळबळ थांबते. त्याने त्याला नाव दिले होते: शांत पट्टा.

संस्थेच्या प्रसिद्धिपत्रकात मथळा होता, 'सूर्याला लगाम'. सूर्याला कोणीही लगाम घातला नव्हता. पण पत्रक छापून झाले होते, आणि छापून झालेल्या कागदाला मोठ्या हुद्द्याची माणसे फार भितात.

बाकी होती ती फक्त जयदीपच्या शोधनिबंधावर बाईंची सही.

"वाईट काय झालं त्यात?" जयदीपने विचारले.

"प्लाझ्मा इतका शहाण्यासारखा वागत नाही. चाळीस वर्षं बघतेय मी त्याला."

"तुमच्या वेळची यंत्रं वेगळी होती, बाई."

"हेच होतं," बाई म्हणाल्या.

तो ओशाळला नाही. त्या वयात, आणि बाहेर खुर्च्या मांडल्याचा आवाज येत असताना, कोणीच ओशाळत नाही.

"पट्टा पाहिला कोणी?" बाईंनी विचारले.

"दुसऱ्या प्रोबने. पलीकडच्या खिडकीतल्या."

"त्याला व्होल्टेज?"

"नाही. तो नुसता तरंगता असतो. ऐकतो फक्त."

"कुठे ऐकू आली शांतता?"

"सांगितलं की. दोन बोटं आत. एक बोट आत गेलं तर खळबळ, तीन बोटं आत गेलं तर खळबळ. बरोबर दोनवर शांत."

"आणि पहिली सळई कुठे होती?"

"तिच्या जागी."

"तिची जागा कोणती?"

जयदीप थांबला.

"दोन बोटं," तो म्हणाला. "तिथे रीडिंग चांगलं येतं. चार वर्षांत हलवली नाही."

"व्होल्टेज?"

"अधिक दीडशे."

"करंट किती ओढते?"

"दोन अँपिअर. कधी थोडा जास्त."

"कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे?"

"दोन अँपिअर ओढतोस. कोणाकडून ओढतोस?"

जयदीप हसला. हसणे खरे नव्हते.

"बाई, दोन मिलिमीटरचं टोक आहे ते. आणि दुसरा प्रोब पाच मीटर लांब. तुम्ही म्हणताय, समुद्रात काडी बुडवली म्हणून पलीकडच्या किनाऱ्यावर लाटा थांबल्या."

"समुद्रात दोरे नसतात," बाई म्हणाल्या.

चुंबकाच्या रेषा कड्याभोवती दोऱ्यासारख्या गुंडाळलेल्या असतात आणि प्लाझ्मा त्या दोऱ्यांवरून मण्यासारखा धावतो, हे त्याला माहीत होते. पहिल्या वर्षाच्या मुलांना तो तेच शिकवत असे. दोऱ्याला एका जागी हात लावला की सगळ्या दोऱ्याला हात लागतो, हा त्यातला पुढचा धडा. तो इतरांसाठी होता.

"मामांना सांग," बाई उठत म्हणाल्या. "दोन शॉट हवेत."

"आत्ता? संचालक वाट पाहताहेत, बाई."

"त्यांनाही शिकता येईल. वाट पाहायला."

...

यंत्र चालवणारे लोखंडेमामा. तीस वर्षे त्या एकाच खुर्चीवर. जयदीपला ते डॉक्टरसाहेब म्हणत, आणि त्याला पदवी मिळाली नव्हती म्हणूनच म्हणत.

"या डॉक्टरसाहेब. आज तर हारतुरे आहेत म्हणे."

"शॉट लावा, मामा."

"लावतो की. आम्ही काय, बटण दाबणारी माणसं."

त्या कंट्रोल रूमची एक रीत आहे. फार पूर्वी एक फिटर यंत्राच्या दालनात राहून गेला होता. वेळेवर दिसला म्हणून वाचला. तेव्हापासून प्रत्येक शॉटआधी चालकाने ध्वनिक्षेपकावर मोठ्याने विचारायचे, "आत कोणी?" आणि खोलीतल्या प्रत्येकाने तोंडाने उत्तर द्यायचे. मान हलवलेली चालत नाही.

"आत कोणी?" मामांनी विचारले.

"कोणी नाही," जयदीप म्हणाला.

"कोणी नाही," बाई म्हणाल्या.

मलाही म्हणावे लागले.

भोंगा झाला. काचेपलीकडे गुलाबी उजेड चमकून गेला. पडद्यावर दुसऱ्या सळईचा आलेख उमटला. रेघ सुरुवातीला थरथरली आणि मग सपाट झाली.

दोन बोटे आत. शांत.

"तीनशे तेरा," जयदीप म्हणाला.

बाईंनी आलेख पाहिला. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"दुसरा लावा, मामा."

मामांनी किल्ली फिरवली.

"आत कोणी?"

"कोणी नाही," जयदीप म्हणाला.

"आहे," बाई म्हणाल्या.

मामांचा हात बटणावरून मागे आला. तीस वर्षांत हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता. तरी नियम त्यांना पाठ होता. 'आहे' असे उत्तर आले की किल्ली काढायची आणि माणूस बाहेर आल्याशिवाय पुन्हा लावायची नाही.

त्यांनी किल्ली काढली.

"कोण आहे, बाई?"

"जयदीप."

मामांनी जयदीपकडे पाहिले. मग काचेतून आत पाहिले. मग पुन्हा जयदीपकडे.

"मी इथे उभा आहे, बाई!"

"थोडा इथे आहेस."

"ही चेष्टेची वेळ नाही."

"मी चेष्टा केली?" बाईंनी मामांना विचारले.

"नाही," मामा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "डॉक्टरसाहेब, किल्ली माझ्याकडे आहे. आतला माणूस बाहेर आल्याशिवाय मला शॉट देता येत नाही. तुम्हीच जा... आणि तुम्हालाच घेऊन या."

जयदीप लाल झाला.

"पहिला प्रोब काढला तर मी मोजू काय?"

"काही मोजू नकोस."

"मग शॉट कशाला?"

बाईंनी दाराकडे हात केला.

तो गेला. काचेतून दिसत होता. त्याने पहिल्या सळईचे व्होल्टेज तोडले. मग हातचाक फिरवत ती मागे घेतली, भिंतीच्याही मागे. चाक घट्ट होते. चार वर्षे कोणी फिरवले नव्हते. तो परत आला तेव्हा त्याच्या तळहाताला काळे लागले होते.

"आत कोणी?"

"कोणी नाही," बाई म्हणाल्या.

जयदीपला उत्तर द्यायला वेळ लागला.

"...कोणी नाही."

भोंगा. उजेड. आलेख.

रेघ थरथरली. थरथरतच राहिली. शेवटपर्यंत.

"एका शॉटवरून काही ठरत नाही," जयदीप म्हणाला.

"नाही ठरत," बाई म्हणाल्या.

आणखी पाच झाले. पाचही वेळा दोन बोटे आत तीच खळबळ, जशी इतर सगळीकडे.

मग जयदीप आपणहून उठला. कोणी सांगितले नव्हते. त्याने मामांपुढे हात केला, मामांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. तो आत गेला. पहिली सळई त्याने पुन्हा आत सारली, पण या वेळी तीन बोटे. पलीकडची सळईही तीन बोटांवर आणली. दोन्ही एकाच दोऱ्यावर याव्यात म्हणून मामांना चुंबकांचा जोर बदलायला लावला. अधिक दीडशे व्होल्ट दिले आणि बाहेर येऊन किल्ली मामांना परत केली.

"आत कोणी?"

जयदीप पडद्याकडे पाहत होता.

"मी," तो म्हणाला.

मामांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी मान हलवली. मान हलवलेली चालत नाही, पण तेवढ्यापुरती चालली.

उजेड चमकला. रेघ सपाट झाली.

पट्टा सरकला होता. तीन बोटे आत. जिथे सळई, तिथे शांतता.

"म्हणजे कसं," मामा हळूच म्हणाले, "साहेब वर्गात आले की पोरं गप. साहेबांना वाटतं, वर्गच गुणाचा."

जयदीप त्यांच्यावर चिडला नाही. तो खाली बसला.

...

तीन वाजत आले होते.

बाईंच्या टेबलावर निबंध तसाच होता. जयदीपने तो पुढ्यात घेतला.

"शांत तर झालंच ना, बाई?" तो म्हणाला. "कसंही असो. झालं ना?"

"झालं."

"मग खोटं काय आहे यात?"

"वाच."

त्याने पहिले वाक्य वाचले. "प्लाझ्माच्या कडेस, भिंतीपासून दोन बोटे अंतरावर, शांत पट्टा आढळून आला."

"कोणाला?"

"असंच लिहितात, बाई. आढळून आला. शास्त्रात 'मी' नसतो."

"शास्त्रात नसतो," बाई म्हणाल्या. "सळईत होता."

हा शब्द माझ्याही ओळखीचा. आमच्या धंद्यात तो रोज लागतो. औषधाचा साठा मुदतबाह्य आढळून आला. पूल कमकुवत आढळून आला. कोणी औषध ठेवले, कोणी पूल बांधला, ते मात्र कधी आढळून येत नाही. मी तो शब्द आयुष्यात किती वेळा लिहिला, ते मला विचारू नका.

जयदीपने पेन घेतले. वाक्य खोडले. खाली लिहिले: आम्ही सळईला अधिक दीडशे व्होल्ट दिले, तेव्हा तिच्या रेषेवरील खळबळ शमली.

लिहून झाल्यावर त्याला दिसले की यात बातमी नाही. व्होल्टेज दिलेल्या सळईने प्लाझ्माची कड बदलते, हे जगाला फार आधीपासून ठाऊक आहे. लोक मुद्दाम तसे करून पाहतात. त्याचा शोध म्हणजे त्याच्याच हाताचा ठसा होता, आणि तो त्याला दुसऱ्याचा वाटला होता.

"चार वर्षं, बाई."

बाईंनी सांत्वन केले नाही. मला तेव्हा त्यांचा राग आला.

दार वाजले नाही, सरळ उघडले. संचालक होते. अंगात कोट होता.

"हळबेबाई, बाहेर चौदा कॅमेरे आहेत. सही झाली ना?"

बाईंनी जयदीपकडे बोट दाखवले नाही, त्याच्याकडे पाहिलेही नाही. खिडकीबाहेर पाहू लागल्या.

संचालकांनी टेबलावरचा कागद उचलला. खोडलेले वाक्य वाचले. खालचे वाचले.

"हे काय आहे?"

त्यांनी जयदीपकडे पाहिले.

"कोठावळे, हा एका वाक्याचा प्रश्न आहे. वरचंच ठेवा. बारकावे मागाहून पाहू. कोणाला कळणार आहे? या लोकांना?" हे 'या लोकांना' माझ्यासाठी होते. त्यांनी मला त्या वेळीच पाहिले.

"मला कळलंय, सर," जयदीप म्हणाला.

"पट्टा आहे की नाही? एवढंच सांगा."

जयदीप उभा राहिला. त्याच्या तळहाताचा काळा डाग सदऱ्याला लागला होता.

"पट्टा नाही, सर."

"मग तीनशे शॉट तिथे काय होतं?"

"मी होतो."

संचालकांना ते कळले नाही. पण पत्रक वाया गेले, एवढे कळले.

"तुमचा प्रबंध ज्या समितीपुढे येईल, तिचा अध्यक्ष मी आहे. लक्षात आहे ना?"

"आहे."

"यंदा येणार नाही, असं धरून चाला."

जयदीपने मान हलवली. संचालक गेले.

चार वाजता पत्रकारांना चहा मिळाला आणि संस्थेच्या नव्या सभागृहाच्या आसनक्षमतेची माहिती मिळाली. दुसऱ्या दिवशी दोन वर्तमानपत्रांनी ती छापली.

...

मी निघताना पुन्हा बाईंच्या खोलीशी गेलो. निरोप घ्यायचा होता. दार अर्धे उघडे होते.

बाई खुर्चीत बसल्या होत्या. हात मांडीवर. समोर काही नव्हते, कागदही नाही.

जयदीप उंबऱ्याशी उभा होता. हात धुऊन आला होता. बाईंनी त्याला पाहिले नव्हते, किंवा पाहिले असेल.

"बाई..."

त्या हलल्या नाहीत.

"एक राहिलं, बाई. पहिली सळई काढली, ते ठीक. पण दुसरी आतच होती. ती नुसती ऐकते, असं आपण म्हणतो. पण तीही आहेच ना तिथे? तिच्याही जागी काहीतरी वेगळं असतं, ती नसती तर."

जयदीपने चौकटीला हात टेकवला.

"म्हणजे सळई घातली नाही तर आत काय आहे ते कळत नाही. आणि घातली, तर जे होतं ते राहत नाही."

बाहेर खुर्च्या उचलल्याचे आवाज येत होते. ते थांबले.

"मग खळबळ म्हणून जी पाहिली, तीही आपलीच कशावरून नाही? कोणी नसताना तिथे काय असतं... ते कळणार कसं?"

बाई काही बोलल्या नाहीत. इतका वेळ की मला वाटले, त्यांना ऐकू गेले नसावे. जयदीपलाही तसेच वाटले असावे. त्याने पुन्हा तोंड उघडले.

बाईंनी हात वर केला.

"थांब. तू विचारायच्या आधी मी कशाचा तरी विचार करत होते... तू विचारलंस आणि तो गेला. आठवू दे."